“कोथमीर काय भाजी आसा?”

परळच्या एका लॅबमध्ये मी एकवीस वर्षं टेक्निशियन आहे, आणि त्यातली निदान दहा वर्षं निळ्या टोपणाच्या नळ्यांत गेली असतील. निळं टोपण म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासण्या. नळीत आधीच ०.३ मिली सोडियम सायट्रेट असतं, त्यावर २.७ मिली रक्त घ्यायचं. रेघेपर्यंत भरलं नाही तर रिपोर्ट चुकतो, म्हणून आम्ही पेशंटला पुन्हा टोचतो आणि शिव्या खातो. मग प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, वेगळा काढून ३७ अंशांवर गरम करायचा, त्यात रक्त गोठायला लावणारं थ्रोम्बोप्लास्टिन घालायचं आणि गुठळी किती सेकंदांत धरते ते मोजायचं. पूर्वी हातात स्टॉपवॉच असायचं, आता मशीन मोजतं. त्या सेकंदांवरून आयएनआर नावाचा आकडा निघतो, रक्त जितकं उशिरा गोठेल तितका मोठा. तुमचा-माझा १ च्या आसपास असतो. माझ्या आईचा २.५ ते ३.५ मध्ये असायला हवा.

आईच्या हृदयात धातूची झडप आहे. लहानपणी गावी सांधे सुजून ताप यायचा, त्यावर तेव्हा कोणी धड औषध दिलं नाही. त्याचं बिल चाळीस वर्षांनी मायट्रल झडपेनं लावलं. ऑपरेशनला आता चौदा वर्षं झाली. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज रात्री, जन्मभर. आणि महिन्याला एकदा निळी नळी. ती मीच भरते, कारण दुसऱ्या कोणाला आई हात देत नाही.

गेल्या डिसेंबरात आकडा आला १.७. मी नमुना पुन्हा लावला. पुन्हा १.७.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्यांचा डबा बघितला, एकही चुकली नव्हती. नवीन औषध? नाही. काढा, चूर्ण? नाही. मग त्यांनी विचारलं, “आजी, पालेभाज्या किती खाता?” आई ताठ मानेनं म्हणाली, “खातच नाही.” आणि शेजारी बसून मीही मान हलवली. मेथी, पालक, माठ तिनं ऑपरेशननंतर कोणाच्या तरी सांगण्यावरून सोडलं होतं, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी गोळी जराशी वाढवली आणि आठवड्याने परत तपासायला सांगितलं.

त्या रविवारी मी लालबागला आईकडे गेले. जिन्यातच वास आला. आईच्या शेजारच्या काकू निफाडकडच्या. थंडीत त्यांच्या गावाहून कोणी ना कोणी येतं आणि येताना पिशवीभर कोथिंबीर आणतं, कारण त्या दिवसांत नाशिककडे तिला भाव नसतो. गावठी कोथिंबीर, बारीक पानांची, देठाला गुलाबी झाक असलेली. काकूंनीच आईला वड्या शिकवल्या. आमच्या मालवणी घरात कोथिंबीर म्हणजे खोबऱ्याच्या वाटपात नाहीतर बांगड्याला लावायच्या हिरव्या वाटणात, वड्या वगैरे नाही. पण चाळीत चाळीस वर्षं राहिल्यावर स्वयंपाकाला गाव राहत नाही.

आई परातीत बसली होती असंच म्हणायला हवं, एवढा ढीग. निवडलेली, धुतलेली आणि मुख्य म्हणजे फडक्यावर पसरून सुकवलेली. ओली राहिली तर पीठ जास्त लागतं आणि वडी बेसनाची होते, असं काकूंचं म्हणणं. बेसन फक्त बांधायला. मूठभर तांदळाचं पीठ, मिरची-लसूण-आल्याचा ठेचा, तीळ, हळद, चिमूटभर साखर. लांबट उंडे करून चाळणीत वाफवायचे, गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, मग तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस. चौथी वडी तोंडात असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकवीस वर्षं लॅबमध्ये काढून चार वड्या लागल्या.

“आई, ह्या किती वेळा केल्यास ह्या महिन्यात?”

“रोजच्या रोज थोडीच? काकूंकडून येता, फुकट कशी घालवूची?”

“डॉक्टरांना पालेभाजी नाही म्हणालीस ना?”

“अगो, कोथमीर काय भाजी आसा? ती वरसून घालतत.”

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण तिचं बरोबर होतं. कोथिंबीर आपण भाजीत धरतच नाही. भाजीवालीकडे पाव किलो भेंडी, अर्धा किलो टोमॅटो घेतले की हिशेब झाल्यावर पिशवी पुढे करून म्हणायचं, “थोडी कोथिंबीर टाक गं.” चार काड्या, दोन मिरच्या, कधी कढीपत्त्याची डहाळी. पैसे झाल्यावर मिळते, म्हणून ती हिशेबातच नसते. मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एकाच्या आईला ब्लिंकिटवर कोथिंबिरीचे पैसे लागतात हे बघून धक्का बसला, त्यानं ते एक्सवर लिहिलं, आणि कंपनीच्या प्रमुखांनी भाज्यांबरोबर ती फुकट द्यायला सुरुवात केली. तेव्हा आम्ही लॅबमध्ये हसलो होतो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मग? द्यायलाच हवी.”

आता हिशेब मी मांडते, माझ्या धंद्याप्रमाणे. १०० ग्रॅम कच्च्या कोथिंबिरीत साधारण ३१० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व के असतं. वरणावर, पोह्यांवर भुरभुरवलेली चिमूट पाचेक ग्रॅम भरेल, म्हणजे पंधरा मायक्रोग्रॅम. ती कुणाच्या खिजगणतीत नाही. पण वड्यांच्या एका घाण्याला आई पाव किलोच्या वर पानं घेत होती, त्यातलं तिच्या एकटीच्या पोटात ८० ग्रॅम धरा. झाले अडीचशे. मोठ्या माणसाला दिवसाला ९० ते १२० पुरतं असं अमेरिकेतलं मोजमाप सांगतं. वाफवून, परतून हे जीवनसत्त्व फारसं जात नाही, उलट तेलाबरोबर ते अंगात चांगलं मुरतं. वडी तेलात परतलेली. आणखी काय हवं?

रक्त गोठवणारे काही घटक यकृत तयार करतं, त्यासाठी त्याला के लागतं. एकदा वापरलेलं के शरीर परत परत कामाला लावतं. आईची गोळी नेमकं ते परत वापरणं अडवते, त्यामुळे रक्त उशिरा गोठतं. अशात बाहेरून के धो धो आलं की गोळी कमी पडते आणि आकडा खाली येतो. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते आधी हसले, मग गंभीर झाले. गोळी वाढवलेली तशीच राहिली असती आणि काकूंच्या पिशव्या थांबल्या असत्या, तर आकडा उलटा वर गेला असता, आणि तिथे रक्तस्रावाची भीती. त्यांनी गोळी परत होती तेवढी केली. आणि जे सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण लॅबमध्ये रोज उलटं ऐकते: हिरवं बंद करायचं नाही. जेवढं खाता तेवढंच दर आठवड्याला खा, गोळी त्यावर बसवता येते. एक आठवडा शून्य आणि एक आठवडा परात, हे चालत नाही. (गोळी स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका. हा ब्लॉग आहे, दवाखाना नाही.)

कोथिंबिरीबद्दल सांगणाऱ्यांची कमी नाही म्हणा. आमच्या मामांनी कुटुंबाच्या ग्रुपवर तो प्रसिद्ध मेसेज टाकला, जुडीभर कोथिंबीर उकळा, गाळा, रोज पेलाभर प्या, किडनी धुऊन निघते. मामांची स्वतःची क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढते ती) वाढलेली, त्यांना पोटॅशियम जपायला सांगितलंय, आणि कोथिंबिरीत १०० ग्रॅमला पाचशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम. मी ग्रुपवर लिहिलं नाही, फोन केला. ते म्हणाले, “अगं, घरगुती आहे, त्यानं काय होतंय?” काही होत नसेल तर किडनी तरी कशी धुतली जाईल, हे मी मनात म्हटलं.

धण्यांवर मात्र माझा राग नाही. आई उन्हाळ्यात रात्री चमचाभर धणे ठेचून पाण्यात भिजत घालते, सकाळी गाळून खडीसाखर घालून देते. वैद्यांच्या भाषेत हा हिम, आणि शार्ङ्गधर संहितेत धण्याचा हिम साखरेसह सकाळी प्यायला सांगितलाय, आग आणि तहान शमवायला. ऊन लागून लघवीला जळजळ झाली की आमच्याकडे हाच पहिला उपाय. त्यात पोटात गेलेल्या पाण्याचा वाटा किती आणि धण्याचा किती हे मी लॅबवाली म्हणून विचारू शकते, पण पिते गुपचूप. जळजळीबरोबर ताप किंवा कळ असेल तर मात्र आईलाही मी आधी लघवी तपासायची बाटली देते.

एप्रिलमध्ये चाळीच्या गच्चीवर मिरच्या आणि धणे वाळत पडतात, मग लालबागच्या डंकावर रांग. आमच्या मसाल्यात एक किलो मिरचीला अर्धा किलो धणे. घरी परत येताना रिक्षावाल्यापासून सगळे शिंकतात. आणि धनत्रयोदशीला धण्यागुळाचा नैवेद्य. लहानपणी तो मला नैवेद्यांतला सगळ्यात गरीब वाटायचा. करंज्या चार पावलांवर डब्यात आणि देवापुढे काय, तर वाटीत धणे. त्यातलेच उरलेले आई दुसऱ्या दिवशी गॅलरीत तेलाच्या डब्यात पेरते. आधी जमिनीवर पसरून चपलेनं रगडते. एका धण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या व्हायला हव्यात. आठ-दहा दिवसांत पोपटी रेषा उगवतात. हेच मे महिन्यात करून बघा. उकाड्यात रोप हातभर व्हायच्या आत पांढऱ्या फुलांचे तुरे काढतं आणि पानं कडू होतात. पावसात तर जुडी घरी येईपर्यंत मधून सडते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये भाजीवाली कोथिंबिरीच्या बाबतीत बहिरी होते.

माझी मुलगी मात्र पोह्यांतून एकेक पान वेचून ताटाच्या कडेला लावते. साबण लागतो म्हणते. आजीच्या मते हे लाड. पण काही माणसांच्या वासाच्या एका जनुकात, ओआर६ए२ नाव त्याचं, असा फरक असतो की कोथिंबिरीतली अल्डिहाइडं, म्हणजे तिला वास देणारी रसायनं, त्यांना साबणासारखी जाणवतात. मी हे आईला समजावलं. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली की हिरवे धणे असलेलं झाड हाताला घासलं तर तिला ढेकणाचा वास येतो, पूर्वी खाटेला यायचा तसा. हे कोणी शिकवलं नव्हतं तिला. काही ढेकण्या किड्यांच्या वासात खरंच त्याच घरातली अल्डिहाइडं असतात.

जानेवारीत आकडा २.८ आला, फेब्रुवारीत ३. आईनं भिंतीवरच्या कालनिर्णयवर नवी पद्धत काढली आहे. दुधाच्या हिशेबाच्या आणि गॅस आल्याच्या खुणांशेजारी, वड्या केल्या त्या बुधवारी ‘को’ लिहिते. आठवड्याला एकच ‘को’, चार वड्या. वरून घालायची ती रोज चिमूट, ती लिहायची नाही असं आमचं ठरलं आहे.

परवा गेले तेव्हा एका शुक्रवारी ‘को’ लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. कशाचं म्हणून विचारलं.

“काकूंनी वाटीभर चटणी दिली,” ती म्हणाली. “अर्ध्याहून जास्त खोबरा होता. ह्यां पण लिवूचां?”

मी वाटी हुंगली. “लिही,” म्हटलं.