लग्न कोण लावतं, यावर सगळं अडतं

समलिंगी विवाहावरून देशाचा कायदा आणि चर्च यांच्यात किती ताण येईल, हे बायबलच्या वचनांआधी एका साध्या गोष्टीवर ठरतं: सरकारदरबारी ग्राह्य धरलं जाणारं लग्न लावतं कोण?

फ्रान्समध्ये ते नगरपालिकेत लागतं. चर्चचा विधी त्यानंतर, ज्याला हवा त्यानं करावा. त्यामुळे २०१३ साली कायदा बदलला तेव्हा चर्चच्या विधीला हात लावावाच लागला नाही.

इंग्लंडचा गुंता मोठा. तिथे चर्च ऑफ इंग्लंड या अधिकृत राज्यचर्चच्या धर्मगुरूनं लावलेलं लग्न हेच कायदेशीर लग्न, आणि पॅरिशमधल्या, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या भागातल्या, रहिवाशांचं लग्न लावणं हे त्याचं कायदेशीर कर्तव्य. त्यात १५३३ चा कायदा सांगतो की चर्चचा नियम देशाच्या कायद्याविरुद्ध असता कामा नये. चर्चच्या बी-३० या नियमात मात्र विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. म्हणून समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या तिथल्या २०१३ च्या कायद्यानं पहिल्याच कलमात त्या नियमाला संरक्षण दिलं आणि धर्मगुरूंना कर्तव्यातून सूट दिली. याला ‘चर्चवर सरकारी बंदी’ म्हणणं मला चुकीचं वाटतं. जनरल सिनडनं, म्हणजे त्या चर्चच्या सर्वोच्च सभेनं, नवा ठराव करून तो पार्लमेंटकडून मंजूर करून घेतला, तर वाट मोकळी आहे.

धर्मशास्त्रातही उत्तर एक नाही. कॅथलिक परंपरेत विवाह हा संस्कार, आणि तो वधूवर एकमेकांना देतात. अपत्यप्राप्तीचा हेतू त्याच्या व्याख्येतच येतो. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता ल्यूथर यानं मात्र विवाहाला ऐहिक व्यवहार म्हटलं, त्यामुळे अनेक प्रोटेस्टंट चर्चना विचार बदलायला जागा मिळाली. विरोधक बायबलमधली उत्पत्ती १:२७-२८ आणि मत्तय १९ पुढे करतात, जिथे देवानं नर आणि नारी निर्माण केली असं म्हटलं आहे. समर्थक उत्पत्ती २:१८ मधल्या ‘मनुष्यानं एकटं असावं हे बरं नाही’ या वचनावर आणि निष्ठेवर भर देतात. हा वाद प्रामाणिक आहे. कोर्टाच्या निकालानं तो मिटत नाही, मिटवूही नये.

व्यवहारात घोटाळा होतो तो इमारतीपाशी. इंग्लंडमधल्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथानं २०२१ मध्ये समलिंगी विवाहांना परवानगी दिली, पण प्रत्येक स्थानिक चर्चनं स्वतः निर्णय घेऊन आपली इमारत समलिंगी विवाहांसाठी वेगळी नोंदवावी लागते. जुनी विवाहनोंदणी त्याला चालत नाही. नोंदणी नाही हे ठाऊक असूनही दोघांनी तिथे लग्न केलं, तर ते रद्दबातल ठरतं.