खोडलेली पहिली ओळ

शुक्रवार, रात्री साडेअकरा

पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच आहे. माईंनी एक घेतला. माझ्या घशाखाली उतरेना. पाऊस थांबलाय, पण झोप येत नाही, म्हणून वही काढली.

झालंय एवढंसंच. संध्याकाळी बापलेक येऊन गेले. इंजिनीअरिंग प्रवेशाच्या पहिल्याच फेरीत यादीतलं एक नंबरचं कॉलेज लागलं, पुण्याचं, कॉम्प्युटर. वडील माईंच्या पाया पडले, माझ्याही पडायला निघाले, मी मागं सरले. पोरगी पेढा हातात धरून हसत होती. निघताना चप्पल घालता घालता हळूच म्हणाली, "मॅडम, ते माझं वहीचं पान तुमच्याकडं राहिलंय का? पेन्सिलनं लिहिलेलं?"

"असेल, काढून ठेवते," म्हणाले. अर्ज भरून झाला, जागा लागली, आता त्या पानाचं तुला काय काम, हे विचारायचं ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

ते गेल्यावर फाइल उघडली. पान सापडलं. बेचाळीस ओळी, नीट आकडे घालून. पहिल्या ओळीखालचा कागद मात्र खरवडल्यासारखा झालाय. दिव्यापाशी तिरपं धरलं की पेन्सिलीचा दाब दिसतो. कॉलेजचा कोड. हा आकडा मला पाठ आहे, आजवर कितीतरी पोरांच्या यादीत टाइप केलाय. सीओईपी, पुण्याचं जुनं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज. त्याच्या पुढं 'मेट' एवढं लागतं. मेटलर्जी, धातूंचं शास्त्र.

खोडलेलं मी त्या दिवशीही पाहिलं होतं. हेच डोक्यातून जात नाहीये.

शेवटचा दिवस होता. पाचला विकल्प, म्हणजे पसंतीची कॉलेजं नि ब्रँच, भरायचं बंद होणार, साईट रडत होती, दोनदा लॉगिन आपोआप बाहेर पडलं. बाहेर नुसती झोड, वडील सारखे मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होते. अशा वेळी कोण कुणाला पानावरची खाडाखोड विचारत बसतं? ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. कॉम्प्युटर, आयटी, एआय, परत कॉम्प्युटर. मेटलर्जी पहिली नाही, विसावी नाही, बेचाळिसावीसुद्धा नाही. तीनशेपर्यंत विकल्प देता येतात. एक ओळ वाढली असती तर काय बिघडत होतं?

आणि दर वर्षी घसा फोडून मीच सांगते ना. वर लिहिलं म्हणून खालचं जात नाही. मेरिटप्रमाणं तुमची पाळी आली की यादी वरून खाली वाचली जाते, जे पहिलं बसेल ते मिळतं. 'एक नंबर वाया जाईल' म्हणून घाबरून सोपं कॉलेज वर टाकू नका, मनातलं सगळ्यात वर लिहा. हे वाक्य त्या दिवशीही म्हणाले मी, दोघांकडं बघून. कुणाच्या मनातलं, ते विचारलं नाही.

पहिला विकल्प पहिल्याच फेरीत लागला की तो आपोआप फ्रीज, म्हणजे पक्का. नाकारला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. दुसरा-तिसरा लागला असता तर बेटरमेंटला, म्हणजे वरचा विकल्प मिळतो का बघायला, थांबता आलं असतं, दुसऱ्या फेरीसाठी यादी नव्यानं भरता आली असती, मधल्या दिवसांत कधीतरी बोलता आलं असतं. आता तेही नाही. जागा स्वीकारायचे हजार रुपये त्यांनी काल रात्रीच भरले.

तिच्या वडिलांवर राग धरावा तर धरवत नाही. त्यांनीच खोडलं असणार, किंवा तिला खोडायला लावलं असणार. शिरोलीला फौंड्रीत आहेत. उजव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत जुने डाग आहेत, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतताना उडालेल्या ठिणग्यांचे. मागं एकदा म्हणाले होते, "म्याडम, आमचं आयुष्य भट्टीम्होरं गेलं. पोरगी सावलीत बसून चार पैसं मिळवंल, एवढंच बघायचंय." यावर मी काय बोलायचं? मेटलर्जी म्हणजे भट्टीपुढं उभं राहणं नव्हे, त्यात प्रयोगशाळा असते, संशोधन असतं, विमानाचे मिश्रधातू असतात, हे सगळं बोलता आलं असतं. त्या हाताकडं बघत ते बोलायचं धाडस लागतं.

पण तिला त्या भट्टीचंच वेड आहे. अकरावीत असताना तिनं वर्गात बिडाचा एक तुकडा आणला होता, वडिलांकडं रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचा. आत मधाच्या पोळ्यासारखी भोकं. मी गणिताची, मला त्यातलं काय कळणार, तिनंच समजावलं. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली की वाफ आत कोंडते, आणि बीड थिजताना तिथं पोकळी राहते. "बाबांना बघून कळतं, पण का ते सांगता येत नाही," असं म्हणाली होती. डोळे असे चमकत होते. हे मला ठाऊक होतं. खोडलेली ओळ दिसली तेव्हासुद्धा ठाऊक होतं.

सीओईपीची जुनी इमारत तिनं सहलीत पाहिली होती. १८५४ सालचं कॉलेज, हे तिनं मला दोनदा सांगितलं होतं.

फीचाही प्रश्न नव्हता. जुलै २०२४ च्या निर्णयानंतर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, जागा घेतली तर खासगी कॉलेजातसुद्धा. किती घरांत मी यावर आनंदानं रडणं पाहिलंय. यातून एक गोष्ट मात्र बदलली. पूर्वी पैशाच्या धाकानं का होईना, सरकारी कॉलेज यादीत वर यायचं, मग ब्रँच कुठलीही असो. आता फी दोन्हीकडं सारखीच म्हटल्यावर बाप सरळ कॉम्प्युटरकडं बोट दाखवतो. त्यात त्याचं काय चुकलं.

जून ते ऑगस्ट हे घर माझं राहत नाही. सकाळी सातला दार वाजतं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातवैधता अजून आली नाही, पावती चालेल का मॅडम. मागच्या वर्षांचे कटऑफ, कॉलेजांचे कोड, सगळ्या फाइली माझ्या कपाटात. चष्म्याचा नंबर वाढला, गुडघा बसून बसून धरतो. चिरंजीवांचा फोन घ्यायला वेळ होत नाही, मग तो करायचाच थांबतो. चांगलं लागलं तर पोर हुशार. बिनसलं तर 'मॅडमनीच भरला होता फॉर्म'. कुणी म्हणेल, तुम्हाला कुणी सांगितलंय? खरंच, कुणी सांगितलंय? माझ्या वेळी आमच्या घरी अर्जच कुणी आणला नव्हता... ते आज नको.

हे सगळं लिहिलं आणि वाचून पाहिलं. पावसावर ढकललं, साईटवर ढकललं, त्यांच्या हातावरच्या डागांवर ढकललं. खरी गोष्ट अजून लिहिलेली नाही.

खोडलेलं दिसलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. यादी स्वच्छ होती, वाद नव्हता, बापलेकींत रडारड नव्हती. आणि आतून माझंही मत तेच होतं, कॉम्प्युटरच घ्यावं पोरीनं. मला कुणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. म्हणून विचारलं नाही. खोडरबर त्यांचा असेल, पण माझा हात काही फार लांब नव्हता.

हे लिहिल्यावर जरा मोकळं वाटतंय. का, ते कळत नाही.

मघाशी दहा वाजता तिचा मेसेज आला. हॉस्टेलवर बादली मिळते की घरून न्यायची, हे विचारलंय. आणि खाली दुसरी ओळ: 'मॅडम, कास्टिंगचं सिम्युलेशन कॉम्प्युटरवरच करतात ना?' करतात. बीड साच्यात कसं पसरेल, कुठं आधी थिजेल, पोकळी कुठं राहील, हे ओतण्याआधी पडद्यावर पाहता येतं. 'हो, करतात' असं कळवलं. ती स्वतःची समजूत घालतेय की माझी, देव जाणे. कदाचित चार वर्षांनी तिचं तिलाच कॉम्प्युटर आवडलेलं असेल. कदाचित नसेल. अठरा वर्षांची आहे, माझ्याएवढी हबकलेली तरी दिसत नाही. बादलीचंही लिहिलं, घरून ने म्हणून.

पान पाकिटात घातलंय. तिला हवं तर ठेवेल, हवं तर फाडेल.

उद्या दहाला खालच्या गल्लीतला येणार आहे, दुसऱ्या फेरीची यादी घेऊन, आजोबांबरोबर. मागच्या वेळी सगळं आजोबाच बोलले. माईंना सांगून ठेवलंय, आजोबांना चहाला आत बोलवा आणि २०१९ च्या पुराचं काढा. तो विषय निघाला की माई तासभर उठू देत नाहीत.