आमची वाटचाल : थ्रीडीपासून जमिनीवरच्या टेपपर्यंत

घरं आणि ऑफिसं आतून डिझाइन करायचं, म्हणजे इंटिरिअरचं काम आम्ही करतो. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र. मी ड्रॉइंग बघायचो, तो साइट सांभाळायचा, आणि सुतारकाम एका जुन्या मिस्त्रींकडे, ते आजही आमच्यासोबत आहेत, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. ऑफिस वगैरे काही नव्हतं, एक लॅपटॉप, मेजर टेप आणि लॅमिनेट सँपलच्या दोन जाड फायली, झालं.

तेव्हा क्लायंट मोबाईलवर फोटो दाखवायचे की आम्हाला असा हॉल पाहिजे, आणि आम्ही रात्र रात्र जागून तसाच थ्रीडी, म्हणजे कॉम्प्युटरवरचं हुबेहूब खोलीसारखं चित्र, बनवायचो. थ्रीडी छान जमायचे त्यामुळे कामंही मिळत गेली. पण हँडओव्हरनंतर सहा-आठ महिन्यांनी काही छोट्या दुरुस्तीसाठी त्याच घरात जायचो तेव्हा दिसायचं की ओपन शेल्फ धूळ बसते म्हणून चादरीने झाकलंय, जेवणाच्या टेबलाची एक बाजू भिंतीला चिकटवलीये कारण खुर्ची मागे सरकवायला जागाच उरली नव्हती. कुणी तक्रार करायचं नाही, सगळे गोड बोलायचे, पण मला ते बघून फार वाईट वाटायचं.

खरा धक्का बसला तो एका ऑफिसच्या कामात. काचेच्या केबिन, पॉलिश केलेली फरशी, सरळ रेषा, दिसायला एकदम स्टायलिश. पहिल्याच आठवड्यात मालकांचा फोन आला की केबिनमध्ये पगाराविषयी बोललं तर बाहेर बसलेल्यांना शब्द न् शब्द ऐकू येतोय. चूक आमचीच होती. केबिनच्या भिंती आम्ही फॉल्स सिलिंगपर्यंत नेऊन थांबवल्या होत्या आणि सिलिंगच्या वरची पोकळी सलग मोकळी, आवाज तिथून आरामात पलीकडे उतरायचा. आम्ही आधी घाईने आतून अकूस्टिक पॅनेल लावले, त्याने केबिनमधला घुमणारा आवाज कमी झाला पण बाहेर जाणारा काही थांबला नाही, कारण पॅनेल आवाज शोषतं, अडवत नाही, अडवायला वजनदार आणि कुठेही फट नसलेली भिंत लागते. शेवटी सिलिंग उघडून भिंती थेट वरच्या स्लॅबला भिडवल्या, दाराच्या खालची फट बंद केली. खर्च सगळा आमच्या खिशातून गेला, तीन महिने हात आखडूनच होते, पण ते मालक नंतर त्यांच्या घराचं काम घेऊन आमच्याकडेच आले.

त्यानंतर आम्ही पद्धतच बदलली. पहिल्या मीटिंगला आता फोटो बघत नाही, नुसतं विचारतो. सकाळी आधी कोण उठतं, पिशव्या कुठे टाकता, फोन चार्जिंगला कुठे लावता, मीटिंग किती जणांच्या होतात. आणि मापं माणसांची घेतो. एका ताईंच्या किचनमध्ये ओटा नेहमीच्या ३४ इंचाचा होता आणि त्यांची उंची जेमतेम पाच फूट, भाजी चिरताना त्यांचे खांदे सतत उचललेले राहायचे. काम करणाऱ्याचं कोपर जिथे येतं त्याच्या साधारण ४ ते ६ इंच खाली ओटा असावा, हे त्यांना उभं करून मोजलं आणि नवीन ओटा ३२ वर घेतला. ही काही आमची शोधलेली गोष्ट नाही हां, १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी छोटंसं किचन डिझाइन केलं ते असंच, बाईची पावलं आणि वेळ वाचेल असं बघून. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे, स्टाइल तिथूनच सुरू होते असं मला मनापासून वाटतं.

आता ड्रॉइंग फायनल करायच्या आधी आम्ही जमिनीवर चिकटपट्टीने फर्निचर खऱ्या मापात आखतो आणि घरच्यांना त्यातून दोन दिवस वावरायला सांगतो. कपाटाची २४ इंच खोली कागदावर किरकोळ वाटते, पण पट्टी लावली आणि शटर उघडायची जागा धरली की बेड आपोआप छोटा करावासा वाटतो. खुर्चीमागे तीन फूट सोडायला का सांगतो तेही पटतं, वाद होत नाहीत.

रंगाचंही तसंच, छोट्या कार्डावर फिका वाटणारा रंग पूर्ण भिंतीवर गडद दिसतो, म्हणून आम्ही मोठा पॅच मारून सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा दाखवतो. लाइटवर तर मी तासभर बोलू शकतो. बसायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळसर) उबदार, कामाच्या टेबलावर ४००० च्या आसपास आणि साधारण ५०० लक्स (टेबलावर पडणाऱ्या उजेडाचं माप), आणि सीआरआय, म्हणजे लाइटखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा असेल तर लाकूड लाकडासारखं आणि चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. महागड्या व्हेनिअरवर, म्हणजे खऱ्या लाकडाच्या पातळ थरावर, स्वस्त लाइट टाकला की सगळं मळकट दिसतं, हे क्लायंटला साइटवर दोन बल्ब लावून दाखवलं की पुढे काही समजावावं लागत नाही.

आज आम्ही नऊ जण आहोत. काका अजूनही सिंकखालच्या कपाटाला वॉटरप्रूफ प्लायच घेतात आणि कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी लागलीये ना हे बोट फिरवून बघतात, मागची न दिसणारी कडसुद्धा, कारण पाणी तिथूनच शिरतं आणि प्लाय फुगतो.

सध्या एका जोडप्याचं काम चालू आहे, दोघंही घरून काम करतात आणि दोघांचे कॉल एकाच वेळी. आम्ही दोन टेबलं शेजारी शेजारी आखली होती, स्क्रीन खिडकीला काटकोनात येईल अशी म्हणजे चमक नको. काल त्यांचा फोन आला, पट्टीत खुर्च्या मांडून खरोखरच कॉल घेऊन बघितले म्हणे, शेजारी नाही चालणार, एक टेबल बेडरूममध्ये पाहिजे. आज परत ड्रॉइंगला बसलोय.