१० जानेवारी २०००, सोमवार

न्यू यॉर्कमधील एका गुंतवणूक संस्थेत मी तेव्हा कनिष्ठ विश्लेषक होते आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांचे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. आमच्या गटात वर्षभर एकच वाद चालू होता : ग्राहक अखेरीस कोणाच्या हाती राहणार, ज्याच्याकडे आशय, म्हणजे लोक पाहतात-वाचतात तो मजकूर आणि सेवा, आहे त्याच्या, की ज्याच्याकडे घरापर्यंत पोहोचलेली केबल आहे त्याच्या?

आशयाची बाजू मांडणारे अमेरिका ऑनलाइनकडे, म्हणजे एओएलकडे, बोट दाखवत. महिन्याला सुमारे २२ डॉलर भरणारे दोन कोटींहून अधिक वर्गणीदार तिच्याकडे होते आणि टपाल, गप्पा, बातम्या, खरेदी हे सारे एकाच दारातून मिळत असल्यामुळे लोक सहसा ते दार सोडणार नाहीत, असा त्यांचा विश्वास होता. दुसरी बाजू एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. या कंपनीने मार्च १९९९मध्ये टीसीआय ही प्रचंड केबल कंपनी ताब्यात घेतली होती आणि तिच्याबरोबर ॲट होम या केबल इंटरनेट सेवेचे नियंत्रणही मिळवले होते. टेलिफोनच्या तारेला जोडलेल्या ५६ किलोबिटच्या मोडेमवर कुरकुरत उघडणारे पान केबलवर क्षणात उघडते हे एकदा पाहिलेला माणूस मागे फिरणार नाही, असे या बाजूचे म्हणणे होते.

मी आशयाच्या बाजूने लिहिले होते. सोमवारी सकाळी सादर करायचे माझे टिपण शुक्रवारी संध्याकाळीच छापून तयार होते.

सोमवारी कार्यालयात पोहोचले तेव्हा सर्वजण दूरचित्रवाणीसमोर उभे होते. टाइम वॉर्नर ही माध्यम कंपनी एओएल विकत घेणार होती. वर्षाला सुमारे पाच अब्ज डॉलर उत्पन्न असलेली कंपनी सत्तावीस अब्ज उत्पन्नाच्या कंपनीला आपल्यात सामावून घेत होती आणि नव्या कंपनीतील ५५ टक्के वाटा एओएलच्या भागधारकांकडे राहणार होता. पत्रकार परिषदेत टाय लावलेले एओएलचे प्रमुख स्टीव्ह केस आणि टायविना आलेले टाइम वॉर्नरचे प्रमुख जेराल्ड लेव्हिन पाहून खोलीत बराच वेळ त्याचीच चर्चा झाली. टाइम वॉर्नरचे चित्रपट, नियतकालिके, सीएनएन यांची यादी वाचून आशयवादी सहकारी आनंदले. ‘आशयच जिंकला’ असे त्यांनी मोठ्याने म्हटलेही.

माझे लक्ष मात्र निवेदनातील एका वाक्यावर खिळले होते. टाइम वॉर्नरकडे सुमारे एक कोटी तीस लाख केबल ग्राहक होते. त्याच एओएलने वर्षभर केबलच्या तारा सर्व सेवादात्यांना खुल्या कराव्यात म्हणून जोरदार आग्रह धरला होता. पोर्टलंड शहराने एटी अँड टीवर तशी अट घातली, जून १९९९मध्ये जिल्हा न्यायालयाने ती मान्यही केली आणि अपील अजून प्रलंबित होते. ज्या कंपनीला आपल्या आशयाची खात्री आहे असे मी लिहिले होते, तिने आपल्या चढ्या भावाच्या समभागांच्या बळावर स्वतःची तार मिळवली होती.

तेव्हा माझी चूक मला नेमकी कळली. मी वर्गणीदार मोजले होते; ते कोणत्या वाटेने येतात हे पाहिले नव्हते. एओएलची डायल-अप सेवा टेलिफोनच्या तारेवरून चालत असे आणि कोणाचाही फोन जोडून देणे टेलिफोन कंपनीवर कायद्याने बंधनकारक होते. केबल मालकावर तसे बंधन नव्हते. एओएलचे दार लोकांच्या आवडीने जितके उघडे होते, तितकेच त्या जुन्या कायद्याने उघडे ठेवलेले होते. ठाण्याला आमच्या इमारतीत कोणत्या वाहिन्या दिसायच्या हे केबलवाला ठरवत असे, हे लहानपणापासून पाहिलेली मी हा मुद्दा विसरले, याचे मला आजही वाईट वाटते.

मी टिपण परत घेण्याची परवानगी मागितली. माझे वरिष्ठ केबलच्या बाजूचे असूनही त्यांनी मला टोचून बोलले नाही. त्यांनी फक्त विचारले की ॲट होमने जानेवारी १९९९मध्ये एक्साइट हे संकेतस्थळ सुमारे ६.७ अब्ज डॉलरना का घ्यायचे ठरवले असेल. तार असलेल्यालाही आशय हवासा वाटला होता! दोन्ही पक्ष एकमेकांच्या अंगणात शिरत होते आणि आम्ही वर्षभर त्यातला एक निवडत बसलो होतो.

त्या रात्री उशिरापर्यंत बसून मी तक्ता पुन्हा आखला. प्रत्येक कंपनीपुढे वर्गणीदारांच्या संख्येशेजारी तीन नवे रकाने घातले : शेवटच्या टप्प्यातील तारेचा मालक कोण, ती इतरांना वापरू देण्याचे बंधन आहे का, आणि फक्त घराकडे चित्र आणणारी जुनी केबल दुतर्फा करण्याचा, म्हणजे घरातूनही माहिती पाठवता येईल अशी करण्याचा, खर्च कोण उचलणार.

२००१च्या शरद ऋतूत एक्साइट ॲट होम, म्हणजे एक्साइट घेतल्यानंतरची ॲट होम, दिवाळखोरीत गेली आणि १ डिसेंबरला एटी अँड टीच्या सुमारे साडेआठ लाख ग्राहकांची सेवा तोडली गेली. एटी अँड टीने काही दिवसांतच त्यांतील बहुतेकांना स्वतःच्या जाळ्यावर आणले. त्यासाठी घरात नवी केबल टाकावी लागली नाही. मी तक्त्यातील ॲट होमची ओळ खोडली आणि पहिल्या रकान्यातील मालकाचे नाव तसेच ठेवले.