बोटीतला बंब

भाचा इंग्लंडात ग्रँड युनियन कालव्यावर नॅरोबोटीत राहतो. रुंदी जेमतेम 2.1 मीटर; चाळीतल्या व्हरांड्याला इंजिन लावलं की जे होईल ते. मार्चात आठवडाभर राहायला गेलो. दुसऱ्याच रात्री अडीचला पाण्याचा पंप घुर्रर्र करून दोन सेकंद चालला आणि थांबला. नळ तर सगळे बंद. सकाळी मागची फळी उचलली, तर तळात चार बोटं पाणी.

घरी गीझर गळला तर खाली बादली लावून प्लंबरची वाट बघायची. इथे आधी हे ठरवायचं, की पाणी आपलं की कालव्याचं? शिवाय गळतं एकीकडे आणि साचतं दुसरीकडे, उतार धरून मागे.

मी बोट बुडवलं (हाताचं!) आणि जिभेकडे नेलं. "मामा, चाखू नकोस!" भाचा ओरडला. बोटीतल्या बंबाच्या टाकीतल्या नळीतून इंजिनचं गरम पाणी खेळतं, त्यावर आंघोळीचं तापतं. इंजिनच्या पाण्यात ते गोठू नये म्हणून जे घालतात ते विषारी, वर गोडसर. नशिबानं तळातलं पाणी बिनरंगी होतं, बुळबुळीतही लागेना.

मग सगळे जोड कोरडे पुसले, एकेकाला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळली, इंजिन सुरू केलं आणि चहा टाकला. पाऊण तासानं बाकी पट्ट्या कोरड्या, सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीवरची तेवढी भिजून लोंबत होती. मी लगेच बॅगेतून एम-सील काढलं (हो, नेलं होतं). भाच्यानं हात धरला. खरंच, तो व्हॉल्व्ह बुजवणं म्हणजे कुकरची शिटी दाबून धरणं.

55 लिटर पाणी 10 अंशांवरून 65 वर गेलं की लिटरभर फुगतं. त्याला जागा म्हणून शेजारी हवेचा डबा असतो, आत रबरी पडदा. त्याच्या व्हॉल्व्हची पिन दाबली, ट्यूबची हवा सोडतात तशी. हवेऐवजी पाण्याची चिळकांडी! पडदा फाटलेला. बिचारा सेफ्टी व्हॉल्व्ह जादा पाणी सोडून सोडून थकला होता, आता रात्रीही नीट मिटेना. आजीच्या तांब्याच्या बंबाला ही भानगड नव्हती. डोक्यावर नुसतं झाकण, फुगा हवं तेवढं.

नवा डबा आणि व्हॉल्व्ह यायला चार दिवस लागले. तोवर झोपताना पंप बंद, आणि नळीखाली मी नेलेल्या श्रीखंडाचा रिकामा डबा.