तीन शेपट्यांची राणी

आज वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावरचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम पाहिलं. बहुतेक जण सी हॅरियर या लढाऊ जेट विमानापुढे फोटो काढत होते, माझे पाय मात्र सुपर कॉन्स्टेलेशनपाशी खिळले. काय देखणं विमान आहे हो! आजच्या विमानांसारखी सरळसोट नळी नाही, माशासारखं बाकदार अंग. पोटाखाली उभं राहून वर पाहिलं की रिव्हेटच्या ओळी त्या बाकाबरोबर वळत जाताना दिसतात. शेपटीला उभे पंख तीन! एकच उंच पंख दिला असता तर तेव्हाच्या हँगरमध्ये विमान मावलं नसतं, म्हणून ती उंची तिघांत वाटून दिली.

इंजिनं चार, प्रत्येकात 18 सिलिंडर. जेटचा जमाना येण्याआधी पिस्टन इंजिनाकडून जेवढं काढून घेता येईल तेवढं इथे काढून घेतलंय.

याच घराण्यातल्या ‘मलबार प्रिन्सेस’नं 8 जून 1948 ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनकडे झेप घेतली. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ते पहिलंच उड्डाण. पुढे एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन्स हवाई दलाकडे आणि 1976 मध्ये नौदलाकडे गेली. प्रवासी नेणारी विमानं गोव्यातून समुद्रावर पहारा देऊ लागली!

एवढं मोलाचं विमान खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभं आहे, याचं फार वाईट वाटलं. त्याच्यावर छप्पर हवंच. गोव्यात आलात तर बीचवरचा एक तास कमी करा, पण हे बघून जा. मुलांना तर नक्की न्या.