बारेला ऊर्फ पावरा

कारागृहातील कच्च्या कैद्यांना कायदेविषयक मदत करण्याचे काम मी अकरा वर्षे खानदेशात करीत आहे. मी वकील नाही. आमच्या छोट्या संस्थेत दोन कार्यकर्त्या आणि एक वकील आहेत. लोकांना वाटते की आम्ही निरपराध माणसांना सोडवतो. प्रत्यक्षात आमचा निम्मा वेळ दोन याद्या ताडून पाहण्यात जातो. एक यादी कारागृहाच्या न्यायिक विभागाकडून मिळते आणि दुसरी आम्ही न्यायालयाच्या नोंदींवरून तयार करतो. जामीन मंजूर होऊनही जो माणूस आत आहे, तो या दोन याद्यांच्या फटीत सापडतो. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे ते कोणी मन लावून करीत नाही, आणि म्हणूनच मला त्याचा थोडा अभिमान होता. गेल्या वर्षीच्या जून महिन्यापासून तो राहिलेला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी एका कारागृहात नेहमीच्या भेटीला गेले होते. शिपायाने यादीतले ‘पावरा’ हे आडनाव पुकारले, तेव्हा एक बावीस-तेवीस वर्षांचा तरुण बसूनच राहिला. शेजाऱ्याने कोपर मारल्यावर तो उठला. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या या तरुणाला विहिरीवरील पंपाची तांब्याची केबल चोरल्याच्या आरोपावरून डिसेंबरमध्ये अटक झाली होती. गाव विचारले, तर त्याने सेंधव्याच्या पुढचे, बडवानी जिल्ह्यातले गाव सांगितले. मग मी सहज विचारले की, तुझे आडनाव काय? तो म्हणाला, “बारेला.”

सातपुड्याच्या दक्षिणेला आपण ज्यांना पावरा म्हणतो, त्याच समाजाला उत्तरेला, मध्य प्रदेशात बारेला म्हणतात. बोली एक, नातीगोती एक, मध्ये फक्त बिजासन घाट. पोलिसांनी अटकेच्या कागदांवर आपल्याकडच्या सवयीने ‘पावरा’ लिहिले आणि कारागृहाच्या नोंदवहीतही तेच उतरले. मात्र विधी सेवा प्राधिकरणाने नेमून दिलेल्या वकिलांनी जामीन अर्ज करताना मुकादमाने मोबाइलवर पाठवलेल्या आधार कार्डाच्या छायाचित्रावरून नाव घेतले, म्हणजे योग्य तेच केले. त्यामुळे जानेवारीअखेर निघालेला जामिनाचा आदेश ‘बारेला’ या नावाने होता. तो ई-मेलने कारागृहात पोहोचला, तेव्हा तेथे त्या नावाचा बंदीच नव्हता. खऱ्या नावाने सुटका अडली आणि चुकीच्या नावाने कोठडीची मुदत दर चौदा दिवसांनी वाढत राहिली.

त्या दिवशी कार्यालयात परतल्यावर मी जे केले, ते मी फेब्रुवारीतच करायला हवे होते. न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेण्याऐवजी पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष यांवरून शोध घेतला. नाव मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा मराठीत जाताना अनेकदा बदलते. गुन्हा क्रमांक बदलत नाही. दोन मिनिटांत आदेश समोर आला. माझ्या वहीत मात्र फेब्रुवारी आणि एप्रिल या दोन्ही भेटींत त्याच्या नावापुढे ‘जामीन अर्ज नाही’ असे लिहिलेले आहे, आणि ते अक्षर माझे आहे.

कायदा या माणसाच्या बाजूने किती ठिकाणी उभा होता, हे सांगितल्याशिवाय या प्रकरणातील बोच कळणार नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि कोठडीतील व्यक्तीलाही मिळतो; तो दोन्ही निकषांवर पात्र होता. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निर्देश दिले आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात पाठवावी, सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी शिथिल करायच्या का, याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकेल, असे त्यात म्हटले आहे. स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका रखडते, हेही तेथे स्पष्ट नोंदवलेले आहे. यांतील प्रत्येक घड्याळ जामीन झालेल्या बंद्याच्या नावापासून सुरू होते. नावच जुळले नाही, म्हणून एकही घड्याळ सुरू झाले नाही. अधीक्षकांच्या संगणकावर पाहिले तर त्यांचे काहीच चुकलेले नव्हते. वकिलांचे कामही जामीन मंजूर होताच संपले होते. त्यांना जे मानधन मिळते, त्यात कारागृहाच्या दारापर्यंत पाठपुरावा करण्याची अपेक्षा ठेवणे हा ढोंगीपणा आहे, असे माझे मत आहे. मुकादमाने वडिलांना ‘जामीन झाला’ एवढेच कळवले होते. म्हातारा सेंधव्यापलीकडच्या आपल्या फलियात, म्हणजे पाड्यात, साडेचार महिने मुलाची वाट पाहत होता.

फोन करताच, १२ जूनला सकाळी वडील घाट उतरून शिरपूरमार्गे आले. पंधरा हजार रुपयांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचे हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक सक्षम जामीनदार, असा आदेश होता. वडिलांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळून दोन कागद आणले होते. एक होती ऋण पुस्तिका, मध्य प्रदेशातील शेतकऱ्याकडे असणारी जमिनीच्या हक्काची पुस्तिका, जी तिकडच्या न्यायालयांत जामिनासाठी रोज दाखवली जाते. दुसरा होता वनहक्काचा पट्टा. पट्ट्याचा उपयोग नव्हता, कारण वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन वारसाने जाते, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या ज्या जमिनीवर सरकारनेच हक्क मान्य केला, ती पंधरा हजारांच्या जामिनालाही पुरत नाही. ऋण पुस्तिका मात्र खणखणीत होती. न्यायालयातील शिरस्तेदारांनी ती उलटसुलट पाहिली. सातबारा ओळखणाऱ्या डोळ्यांना खसरा क्रमांक परका वाटतो. माणूस वाईट नव्हता, अहिराणीत समजावून म्हणाला, “कागद खरा शेतस ताई, पन मानूस आठला नही.” कागद खरे आहेत, पण माणूस इथला नाही.

याच वाक्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच दिलेले आहे. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे कारण अमान्य केले आणि मोतीरामला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडले. या निकालाच्या प्रती मी पिशवीत बाळगते. किती ठिकाणी द्याव्या लागल्या, याची मोजदाद मी सोडली आहे.

अट शिथिल करण्याचा अर्ज आमच्या वकिलांनी त्याच दुपारी लिहिला. दंडाधिकारी रजेवर होते. प्रभारी न्यायालयाने अर्ज नियमित न्यायालयापुढे ठेवण्यास सांगितले. पुढची तारीख आठ दिवसांनी मिळाली. त्या दिवशी सरकारी पक्षाने म्हणणे मांडायला वेळ मागितला. पंपाच्या केबलसाठी, साडेचार महिन्यांपूर्वी मंजूर झालेल्या जामिनावर, आणखी कोणते म्हणणे मांडायचे होते, ते मला अजून समजलेले नाही. न्यायालयाने चार दिवस दिले, आणि ऐन दिवशी सुनावणीही पुढे गेली.

जे खरे सांगायचे आहे, ते यापुढचे आहे. पहिल्याच दिवशी, आम्ही शिरस्तेदारांकडून बाहेर पडत असताना आवारातील एक माणूस माझ्याजवळ आला. त्याला सगळे ओळखतात. तो भाडोत्री जामीनदार पुरवतो. “तीन हजार मॅडम, उद्या संध्याकाळी पोरगा बाहेर,” असे तो शांतपणे म्हणाला. त्याच्या माणसांकडे खरा सातबारा असतो, खरे आधार कार्ड असते. खोटे असते ते शपथेवर केलेले निवेदन. आपण याआधी किती आरोपींना जामीन राहिलो आहोत, हे जामीनदाराने सांगावे लागते, आणि हे लोक तेच लपवतात. मी त्याला नकार दिला आणि वडिलांना घेऊन पुढे गेले. कायद्याचे राज्य असावे म्हणून आम्ही काम करतो. न्यायालयात खोटे निवेदन देऊन एखाद्याला सोडवले, तर आमच्यात आणि त्या माणसात फरक तो काय राहिला? हा विचार मला तेव्हा करावाही लागला नाही, इतका तो अंगवळणी पडलेला आहे.

वडिलांना मराठी तुटक समजत होते. तो माणूस काय म्हणाला, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

ते तीन वेळा आले आणि परत गेले. मृग कोरडा गेला होता. आर्द्रा लागताच सातपुड्यावर चांगला पाऊस झाला, तेव्हा म्हातारा न्यायालयाच्या पायऱ्यांवर बसून होता. शेजाऱ्यांनी वापशावर, म्हणजे पेरणीजोगा ओलावा होता तेव्हाच, मका आणि कपाशी टाकली. घरी बैल होते, पण हाकायला माणूस नव्हता. त्याच दिवशी चहाच्या टपरीवर कोणीतरी त्यांना तीन हजारांच्या सोयीविषयी सांगितले. ते माझ्याकडे येऊन रागावले नाहीत. हिंदीत एवढेच म्हणाले की, तीन हजार तर एका बोकडाचे आले असते.

आमच्या क्षेत्रात ‘कायदेविषयक सक्षमीकरण’ हा मोठा लाडका शब्द आहे. लोकांनी कायदा जाणावा, वापरावा आणि स्वतःचे निर्णय स्वतः घ्यावेत, असा त्याचा अर्थ आम्ही प्रशिक्षणांत सांगतो. आफ्रिकेतील मलावी या देशाचे उदाहरण तर मीच नेहमी देते. तेथे २००० साली वकील नसलेल्या कार्यकर्त्यांनी चार तुरुंगांतून काम सुरू केले. ते कैद्यांना स्वतःची बाजू मांडायला शिकवतात, आणि दंडाधिकारी तुरुंगात येऊन कच्च्या कैद्यांची प्रकरणे तपासतात. वकील नसलेल्यांच्या या कामाला २००४ च्या लिलाँग्वे घोषणापत्राने आणि २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मान्यता दिली. हे सगळे मला तोंडपाठ आहे. ज्याचा मुलगा आत आहे, त्या बापाला त्याच्यासमोर कोणते रस्ते आहेत, त्यांतला कोणता बेकायदा आहे आणि बेकायदा का आहे, हे सांगायला मात्र मला सुचले नाही. मी सांगितले असते आणि तरी मदत नाकारली असती, तर ती माझी भूमिका झाली असती. न सांगितल्यामुळे मी त्यांच्या वतीने ठरवून टाकले, आणि माझ्या तत्त्वाचे मोल त्यांनी वापशात चुकवले. माझी सहकारी म्हणते की मी उगाच मनाला लावून घेते. सांगितले असते तर ते त्या माणसाकडेच गेले असते. तिचे बरोबर असेल. पण माझ्या न सांगण्याचे कारणही नेमके तेच होते.

२७ जूनला आदेश झाला. दंडाधिकाऱ्यांनी पाच मिनिटे ऐकले, दोन्ही निवाडे पाहिले आणि केवळ जातमुचलक्यावर सुटका मंजूर केली. त्या पाच मिनिटांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आता नाव जुळणे आवश्यक होते, म्हणून आदेशात ‘बारेला ऊर्फ पावरा’ असे लिहून घेतले. सुटकेचा आदेश कारागृहाच्या जामीनपेटीत पडेपर्यंत पेटी संध्याकाळची शेवटची उघडून झाली होती. तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आला. वडिलांनी कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि ‘ऊर्फ’ म्हणजे काय, असे विचारले. मी दोन नावे असा अर्थ सांगितला. गुन्हेगारांच्या बातम्यांत हा शब्द कसा वापरतात, ते सांगितले नाही. दोषारोपपत्रावर अजूनही एकटे ‘पावरा’ आहे. ते दुरुस्त करण्याचा अर्ज प्रलंबित आहे.

देणगीदार संस्थेच्या सहामाही अहवालात संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी १६.३ चा, म्हणजे सर्वांना न्याय मिळण्याविषयीचा, एक रकाना असतो. शिक्षा न होता कोठडीत असलेल्यांचे प्रमाण हा त्याचा एक निर्देशक आहे, आणि आपल्या देशात कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसे अशीच आहेत. त्या रकान्यात मी या प्रकरणासाठी ‘१’ लिहिले. यादीच्या नमुन्यात मात्र आता ‘गावाकडचे आडनाव’ हा नवा रकाना आहे, आणि भेटीत तो प्रश्न आम्ही सर्वांत आधी विचारतो.

पुढच्या तारखेला तो तरुण एकटाच आला होता. शिपायाने ‘बारेला ऊर्फ पावरा’ असा पुकारा करताच तो उठला. वडिलांविषयी विचारले, तर निंदणी चालू आहे, असे म्हणाला. तीन हजारांची गोष्ट वडिलांनी त्याला सांगितली आहे का, हे मी विचारले नाही.